‘टीएसए क्लिअरन्सची हमी’ कोणीही देऊ शकत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

बारावीचे निकाल लागले की करिअर पुरवण्यांत ‘हेलिकॉप्टर पायलट व्हा’ अशा जाहिरातींचा सुकाळ होतो. त्यांतल्या काहींत ‘अमेरिकेत प्रशिक्षण, टीएसए क्लिअरन्सच्या हमीसह’ अशी ओळ असते. टीएसए म्हणजे अमेरिकेची ट्रान्सपोर्टेशन सिक्युरिटी ॲडमिनिस्ट्रेशन, तिथल्या वाहतुकीची सुरक्षा पाहणारी सरकारी यंत्रणा. ही हमी देण्याचा अधिकार ना पुण्या-मुंबईतल्या एजंटला आहे, ना अमेरिकेतल्या शाळेला. त्यात भर म्हणजे जाहिरातींच्या शेजारी छापलेल्या माहितीपर लेखांत अजूनही 2024 पूर्वीचे नियम आणि शुल्क दिलेले दिसते. त्या माहितीवर विसंबून पालक कर्जाचे हप्ते आणि विमानाची तिकिटे ठरवतात. म्हणून हे पत्र जरा लांबले, तरी छापावे ही विनंती.

पहिला गोंधळ असा की ‘सिक्युरिटी क्लिअरन्स’ म्हणजे कुठूनतरी मिळणारा एकच शिक्का, असे समजले जाते. प्रत्यक्षात परदेशी विद्यार्थ्याची निदान तीन वेळा, तीन वेगळ्या कामांसाठी तपासणी होते. पहिली व्हिसाच्या वेळी. मुंबईच्या अमेरिकी वकिलातीत मुलाखत झाल्यावर अर्ज कलम 221(जी) खाली अधिक चौकशीसाठी थांबू शकतो, आणि हवाई क्षेत्रातल्या अर्जांच्या बाबतीत याची तयारी ठेवावीच. दुसरी तपासणी टीएसएची. ही उड्डाण प्रशिक्षण घेण्याच्या परवानगीसाठी असते. तिसरी एफएएचे, म्हणजे अमेरिकेच्या नागरी उड्डाण नियामक संस्थेचे, स्टुडंट पायलट सर्टिफिकेट देण्याआधी होते. तीही टीएसएच करते, पण तिचा अर्ज वेगळा आणि वेळही वेगळा. शाळा प्रवासी विमानसेवा असलेल्या विमानतळावर असेल तर आवारात फिरण्याचा बॅज हे आणखी चौथे प्रकरण. यांपैकी एक मंजूर झाले म्हणून दुसरे आपोआप होत नाही. व्हिसा हातात पडला की ‘सगळे क्लिअर झाले’ असे घरी सांगणारे विद्यार्थी इथेच फसतात.

हा सगळा बंदोबस्त कशामुळे आला, ते थोडक्यात सांगतो. 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यातले दोन वैमानिक, मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही, फ्लोरिडातल्या व्हेनिस या गावच्या उड्डाणशाळेत रीतसर फी भरून विमान शिकले होते. हल्ल्यानंतर बरोबर सहा महिन्यांनी, मार्च 2002 मध्ये, त्याच शाळेत इमिग्रेशन खात्याची कागदपत्रे पोचली: या दोघांचा विद्यार्थी दर्जा मंजूर झाल्याची! या नाचक्कीनंतर अमेरिकेने उड्डाणशाळांवरचा अंकुश घट्ट केला. 2003 च्या कायद्याने परदेशी विद्यार्थ्यांची तपासणी न्याय खात्याकडून टीएसएकडे गेली आणि 2004 पासून ‘एलियन फ्लाइट स्टुडंट प्रोग्रॅम’ सुरू झाला. जुन्या लेखांत जी ‘कॅटेगरी 1, 2, 3, 4’ आणि 130 डॉलर दिसतात ती त्या काळातली. 1 मे 2024 रोजी नवा नियम प्रसिद्ध झाला, 30 जुलै 2024 पासून तो लागू आहे आणि कार्यक्रमाचे नाव आता ‘फ्लाइट ट्रेनिंग सिक्युरिटी प्रोग्रॅम’ आहे.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने मोठा बदल एकच. पूर्वी प्रत्येक प्रशिक्षणासाठी, म्हणजे प्रायव्हेट सर्टिफिकेटसाठी एकदा आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याच्या पात्रतेसाठी) पुन्हा, नवी तपासणी आणि नवे शुल्क लागे. आता एकदा झालेली तपासणी जास्तीत जास्त पाच वर्षे चालते आणि तिचे शुल्क 140 डॉलर आहे. बोटांचे ठसे घेणाऱ्या केंद्राचे पैसे वेगळे. अर्थात पुढचे प्रत्येक प्रशिक्षण सुरू करण्याआधी शाळेने टीएसएला कळवायचेच असते, ते सुटलेले नाही. त्यामुळे ‘प्रत्येक रेटिंगसाठी टीएसए फी’ असे म्हणून कोणी पॅकेजमध्ये ही रक्कम तीन-तीनदा लावत असेल, तर पालकांनी हिशेब मागावा.

हेलिकॉप्टरला हे लागू होते का, हा प्रश्न बरेच जण विचारतात, कारण हा कायदा मोठ्या विमानांसाठी आहे असा समज आहे. नियमात रेषा आहे ती 12,500 पौंडांची, म्हणजे सुमारे 5,670 किलोंची. त्याहून जड विमानाचे किंवा हेलिकॉप्टरचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे यंत्र चालवण्याची पात्रता, हीसुद्धा तपासणीच्या कक्षेत येते. त्याहून हलक्या वर्गात पहिले पायलट सर्टिफिकेट, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टी-इंजिन रेटिंग येतात. प्रशिक्षणात वापरले जाणारे रॉबिन्सन आर-22 कमाल 1,370 पौंडांचे. आर-44 अडीच हजार पौंडांच्या आत. पण विद्यार्थी पहिलेच सर्टिफिकेट घेत असतो, तेव्हा हेलिकॉप्टर कितीही चिमुकले असले तरी तपासणी चुकत नाही. मल्टी-इंजिनचा मुद्दा हेलिकॉप्टरवाल्यांनी सोडून द्यावा. अमेरिकेत हेलिकॉप्टरसाठी वेगळे मल्टी-इंजिन रेटिंगच नाही, आणि तरीही काही माहितीपत्रकांत ते छापलेले असते. उलट जुहूहून मुंबई हायच्या तेलफलाटांवर जाणाऱ्या एडब्ल्यू-139 सारख्या यंत्राचे टाइप रेटिंग अमेरिकेत करायचे, तर ते 12,500 पौंडांच्या वरचे आहे. तिथे अनुभवी वैमानिकालाही हीच वाट आहे. बलून आणि ग्लायडर यातून वगळलेले आहेत.

आता क्रम. आधी भारतातले डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) वैद्यकीय करून घ्यावे, कारण परत येऊन इथे लायसन्स करायचे असेल आणि डोळ्यांत किंवा कानांत काही निघाले, तर पुढचा सगळा खर्च पाण्यात. मग विद्यार्थी व्हिसाची कागदपत्रे देण्याची मान्यता असलेली शाळा निवडायची. अमेरिकेतली प्रत्येक उड्डाणशाळा आय-20 हा फॉर्म देऊ शकत नाही. आय-20 आल्यावर सेव्हिसचे, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणी प्रणालीचे, 350 डॉलर, मग डीएस-160 हा व्हिसाचा ऑनलाइन अर्ज आणि मुलाखत. उड्डाण प्रशिक्षणासाठी बहुतेकांना एम-1 हा व्यावसायिक शिक्षणाचा व्हिसा मिळतो. पर्यटक व्हिसावर जाऊन ‘तिथे गेल्यावर बघू’ हा सल्ला देणारा एजंट दिसला की उठून यावे. पर्यटकाच्या बी व्हिसावर असा अभ्यासक्रम करता येत नाही. एम-1 ची बंधनेही लक्षात घ्यावीत: मुक्काम सुरुवातीला जास्तीत जास्त एक वर्षाचा, आय-20 वरच्या सुरुवातीच्या तारखेआधी 30 दिवसांपेक्षा लवकर प्रवेश नाही, आणि तिथे राहून एम-1 चा एफ-1 (महाविद्यालयीन शिक्षणाचा व्हिसा) करता येत नाही. या एका वर्षात टीएसएच्या प्रतीक्षेत गेलेला प्रत्येक आठवडा वजा होतो. त्यामुळे टीएसएचा अर्ज अमेरिकेत उतरल्यावर नव्हे, तर शाळेत प्रवेश पक्का होताच भारतातूनच सुरू करावा.

अर्ज टीएसएच्या पोर्टलवर विद्यार्थ्याने स्वतः खाते उघडून भरायचा असतो. त्यात बहुतेक घोटाळे नाव आणि पत्ता या दोन ठिकाणी होतात, आणि त्यात आपल्या पद्धतीचा हात मोठा आहे. महाराष्ट्र बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. पासपोर्टवर ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात स्वतःचे नाव आणि वडिलांचे नाव सलग असते. आधारवर कधीकधी वडिलांच्या नावाचे फक्त आद्याक्षर. हे सगळे बाजूला ठेवून पासपोर्टवर जे स्पेलिंग आणि जो क्रम आहे तोच टीएसए, शाळा, आय-20, डीएस-160 आणि एफएए अशा सगळ्या ठिकाणी अक्षरशः तसाच वापरावा. वडिलांचे नाव पासपोर्टवर पहिल्या नावाला जोडून असेल तर ते स्वतंत्र ‘मिडल नेम’ म्हणून एका फॉर्ममध्ये टाकायचे आणि दुसऱ्यात टाकायचे नाही, असे करू नये. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल, तर अमेरिकी व्हिसावर तुमचे नाव आडनावाच्या जागी जाते आणि पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ छापून येते. शक्य असेल तर आय-20 मागवण्याआधीच पासपोर्ट दुरुस्त करून घेणे स्वस्त पडते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी, किंवा राजपत्रात नाव बदललेल्यांनी, आधीचे नाव ‘इतर नावे’ या रकान्यात न चुकता द्यावे. ते लपवल्याने काही सोपे होत नाही. जुन्या नावाने कुठे नोंद सापडली की तपासणाऱ्याला एकाऐवजी दोन माणसे दिसतात.

पत्त्यांचे तसेच. गेल्या पाच वर्षांतले सर्व राहण्याचे पत्ते मागितले जातात आणि मध्ये खिंडार चालत नाही. अकरावी-बारावीसाठी लातूरला खोली घेऊन राहिलेला, मग पुण्यात वसतिगृहात दोन वर्षे आणि नंतर पीजीमध्ये राहिलेला मुलगा फक्त गावचा कायमचा पत्ता देतो. व्हिसाच्या अर्जात मात्र पुण्याचा दिलेला असतो. अशी विसंगती दिसली की अर्ज खुलाशासाठी परत येतो. महिना-वर्षासह पत्त्यांची एक यादी आधी कागदावर तयार करावी आणि तीच सगळीकडे वापरावी. ‘मु. पो., ता., जि.’ असा आपला लांबलचक पत्ता रकान्यात मावत नाही. घर क्रमांक, गाव, जिल्हा, राज्य, पिनकोड एवढे नेमके लिहावे आणि गावाचे स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे ठेवावे.

नागरिकत्वाच्या रकान्यात सध्याचे आणि आधीचे असे दोन्ही विचारले जाते. आखातात जन्मलेल्या मराठी मुलांनी जन्मदेश आणि नागरिकत्व यांची गल्लत करू नये. दुबईत जन्म झाला म्हणून नागरिकत्व तिथले होत नाही. पोर्तुगीज नागरिकत्व घेतलेल्या गोव्यातल्या विद्यार्थ्यांनी आधीचे भारतीय नागरिकत्व नोंदवलेच पाहिजे.

स्कॅन मोबाइलवर काढताना फ्लॅश बंद ठेवावा. पासपोर्टच्या फोटोच्या पानाखालच्या दोन ओळींवर, म्हणजे यंत्राने वाचायच्या मजकुरावर, चकाकी आली की ते पान निरुपयोगी. व्हिसा जुन्या पासपोर्टवर आणि पासपोर्ट मात्र नवा, अशी स्थिती असेल तर दोन्हींची पाने जोडावीत. शुल्क ऑनलाइन भरताना भारतीय कार्ड हमखास अडते. 2020 पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार नव्या कार्डांवर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमधून ते आधी सुरू करावेत. हे शुल्क अर्ज नामंजूर झाला किंवा तुम्ही बेत बदलला तरी परत मिळत नाही.

तुमचा भाग पूर्ण झाला तरी अर्ज पुढे सरकतोच असे नाही. शाळेला स्वतःच्या खात्यातून ‘हा विद्यार्थी आमचा, अमुक प्रशिक्षण आम्ही देणार’ असे मान्य करावे लागते. हेलिकॉप्टर शाळा बहुधा छोट्या असतात. कार्यालय सांभाळणारी एकच व्यक्ती, तीच फोन घेते आणि तीच वेळापत्रक लावते. विनंती तिच्या खात्यात पडून राहते आणि विद्यार्थी इकडे ‘टीएसए उशीर करतेय’ म्हणून कपाळाला हात लावून बसतो. नव्या नियमानुसार प्रत्येक शाळेत एक सिक्युरिटी कोऑर्डिनेटर नेमलेला असतो. प्रवेश घेतानाच त्या व्यक्तीचे नाव आणि ईमेल विचारून घ्यावे, आणि अर्ज पाठवल्याच्या दिवशीच तिला कळवावे.

प्राथमिक पाहणी झाली की ठसे देण्याच्या सूचना ईमेलने येतात. हा ईमेल स्पॅममध्ये सापडणे ही नेहमीची गोष्ट. आपल्याकडच्या पोलीस ठाण्यात शाईने उमटवलेले ठसे पाठवून भागत नाही. ते मान्यताप्राप्त ठिकाणीच द्यावे लागतात. त्यामुळे ते भारतातून देता येतील की अमेरिकेत पोचल्यावर, हे शाळेकडून लेखी घ्यावे आणि तिकीट त्यानुसार काढावे. अमेरिकेतच द्यायचे असतील, तर पोचल्यापासूनच्या पहिल्या दोन-तीन दिवसांतली वेळ आधीच ठरवावी. ठसे न उमटल्याने पुन्हा बोलावणे येते, त्याची कारणे साधी असतात: कोरडी पडलेली त्वचा, बोटाला चीर, रसायनांनी किंवा शेतकामाने झिजलेल्या रेषा. निरोप समारंभाच्या, लग्नाच्या मेंदीवरच थेट ठसे द्यायला जाऊ नये. आठवडाभर आधीपासून हाताला साधे मॉइश्चरायझर लावावे, ठशांच्या दिवशी मात्र नाही.

शुल्क, कागद, शाळेची मान्यता आणि ठसे ही चारही पोचल्यावरच तपासणी खऱ्या अर्थाने सुरू होते. यांतले एक जरी राहिले, तर उरलेली तीन किती आधी दिली याला अर्थ नाही. टीएसए इमिग्रेशन, गुन्हेगारी आणि दहशतवादविषयक नोंदी पडताळते आणि पात्रता ठरल्याचा संदेश विद्यार्थ्याला आणि शाळेला जातो. तो येईपर्यंत प्रशिक्षक शेजारी बसून नुसते हॉवर, म्हणजे हवेत एका जागी तरंगणे, शिकवतो म्हणाला तरी ते उड्डाण प्रशिक्षणच असते आणि चालत नाही. शाळेचा कार्यक्रम दाखवण्यापुरती ओळखफेरी चालते, आणि वर्गातले ग्राउंड ट्रेनिंगही. हे दिवस वाया घालवू नयेत. हवामान, नियम, रॉबिन्सनच्या हेलिकॉप्टरांसाठी बंधनकारक असलेले सुरक्षाविषयक धडे हे सगळे तेव्हाच उरकता येते.

पहिल्या दिवशी शाळा विद्यार्थ्याचा फोटो काढून पाच कामकाजाच्या दिवसांत पोर्टलवर चढवते. अर्ज करणारा आणि शिकायला आलेला एकच आहे ना, याची ती खात्री. याच दिवशी एफएएच्या इआक्रा प्रणालीवर स्टुडंट पायलट सर्टिफिकेटचा अर्जही करून टाकावा. त्यातल्या टीएसए तपासणीसाठी साधारण तीन आठवडे धरून चालावे. एकट्याने उड्डाण त्याशिवाय नाही. आर-22 वर तसेही पहिल्या एकट्याच्या उड्डाणाआधी प्रशिक्षकासोबत किमान 20 तास व्हावेच लागतात. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवले तर खोळंबा होत नाही. अर्ज उशिरा केला, तर 20 तास झालेले असतात, हवा उत्तम असते आणि सर्टिफिकेटअभावी विद्यार्थी जमिनीवर असतो. ज्यांचा अमेरिकेत राहता पत्ता नाही, त्यांना जानेवारी 2025 पासून एफएएच्या सर्टिफिकेटसाठी अर्ज करताना अमेरिकेतला एक अधिकृत प्रतिनिधीही नोंदवावा लागतो, हे नव्या विद्यार्थ्यांच्या अजून अंगवळणी पडलेले नाही.

मधेच शाळा बंद पडणे किंवा हेलिकॉप्टर नादुरुस्त होऊन महिने जाणे हे या धंद्यात नवे नाही. नव्या नियमामुळे टीएसएची पात्रता विद्यार्थ्यासोबत दुसऱ्या शाळेत जाऊ शकते. मात्र नव्या शाळेने ती तपासून प्रशिक्षण नव्याने कळवायचे असते. व्हिसाची बाजू वेगळी. एम-1 वर शाळा बदलायला इमिग्रेशन खात्याची परवानगी लागते. टीएसए हो म्हणते म्हणून नव्या शाळेत उडायला सुरुवात केली, तर दर्जाच धोक्यात येतो.

अमेरिकेत स्थायिक मराठी मंडळींसाठीही हे लागू आहे. एच-1बी वर काम करणारे आणि शनिवार-रविवारी हौसेने हेलिकॉप्टर शिकू इच्छिणारे अभियंते, त्यांचे जोडीदार, इतकेच काय ग्रीन कार्डधारकसुद्धा टीएसएच्या लेखी परदेशीच आहेत आणि त्यांनाही हीच तपासणी लागते. नागरिकत्व घेतलेल्यांना मात्र फक्त पासपोर्टसारखा पुरावा शाळेला दाखवावा लागतो. आणि हा उफराटा न्याय आहे असेही नाही. भारतातल्या प्रशिक्षण संस्थेत परदेशी विद्यार्थी आला तर त्यालाही आपल्या गृह मंत्रालयाची सुरक्षा मंजुरी लागतेच.

राहिले एजंट. कागद लावण्यात मदत करणारे प्रामाणिक सल्लागार आहेत, त्यांच्याबद्दल तक्रार नाही. पण टीएसएचे खाते एजंटच्या ईमेलवर उघडू देऊ नये. सगळे संदेश त्याच्याकडे जातात, पासपोर्टच्या प्रती त्याच्याकडे राहतात आणि पुढची पाच वर्षे लागणाऱ्या खात्याची किल्लीही त्याच्याच हातात. अर्जातल्या चुकीला जबाबदार मात्र विद्यार्थीच, कारण खोटी माहिती देणे हा अमेरिकी कायद्याने गुन्हा आहे. डीएस-160 मध्ये अटक आणि गुन्ह्यांबद्दल सरळ प्रश्न असतो. महाविद्यालयातल्या आंदोलनात अटक झाली असेल, तर ‘कोण बघतंय’ म्हणून ‘नाही’ लिहायला सांगणारा सल्लागार त्या मुलाचे पुढचे सगळे अर्ज नासवतो.

आपल्या पुरवणीत अशा जाहिराती छापताना ‘क्लिअरन्सची हमी’ हे शब्द काढायला लावावेत. आणि आय-20 देण्याची मान्यता असलेली शाळा कोणती, टीएसए शुल्क किती वेळा आकारले आहे आणि ठसे कुठे द्यायचे आहेत, एवढे तीन तपशील जाहिरातदाराकडून मागून तेही छापावेत.

आपले नम्र,
हेलिकॉप्टर प्रशिक्षणाशी संबंधित काही वाचक, पुणे